संरक्षणाचा हिशेब कोणी तपासायचा?

आयातशुल्क हा व्यापारी आणि सीमाशुल्क दलाल यांच्यापुरता विषय आहे, अशी समजूत आपल्या चळवळीतही रूढ आहे. परदेशातून येणाऱ्या पोलादी पाइपचा हिशेब मांडला, तर ती किती फोल आहे हे ध्यानी येते.

जहाजभाडे व विमा धरून न्हावा-शेवा बंदरात एक टन पाइपची किंमत ८०,००० रुपये होते असे समजू. मूळ सीमाशुल्क उदाहरणादाखल १० टक्के धरले, तर ते ८,००० रुपये. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे ८०० रुपये. या ८८,८०० रुपयांवर १८ टक्के एकात्मिक वस्तू व सेवा कर, म्हणजे १५,९८४ रुपये. एकूण १,०४,७८४ रुपये. हमाली व पुढील वाहतूक वेगळीच.

यातील १५,९८४ रुपयांची वजावट नोंदणीकृत कारखानदाराला आपल्या पुढील करातून मिळते. विंधनविहिरीसाठी केसिंग पाइप घेणाऱ्या शेतकऱ्याला किंवा नळयोजना चालवणाऱ्या ग्रामपंचायतीला ती मिळत नाही. शुल्क व अधिभार यांचे ८,८०० रुपये, त्यांवरील कर मिळवून, त्यांना १०,३८४ रुपयांना पडतात.

खरी मेख पुढेच आहे. आयात माल ज्या भावाने पडतो, त्याकडे पाहून देशी कारखानेही आपला भाव वर नेऊ शकतात. आयात पाइपवरील शुल्क निदान सरकारी तिजोरीत जाते. देशी पाइपच्या वाढीव भावातील रक्कम मात्र थेट कंपनीच्या नफ्यात जमा होते.

याचा अर्थ संरक्षण नको असा नव्हे. चीनमधून येणाऱ्या सीमलेस पाइपवर २०१६ साली डंपिंगविरोधी शुल्क बसले आणि २०२१ मध्ये ते आणखी पाच वर्षांसाठी चालू ठेवण्यात आले. पडेल भावाच्या मालाने देशी कारखाने बंद पडू देणे हा कामगारांवरच घाला ठरला असता. परंतु संरक्षण म्हणजे समाजाने उद्योगाला दिलेली उचल आहे, बक्षीस नव्हे. तिच्या मोबदल्यात कंत्राटी कामगारांना रास्त वेतन मिळाले काय, भाव आटोक्यात राहिले काय, याचा जाब कंपन्यांना द्यावाच लागला पाहिजे.

म्हणून कार्यकर्त्यांनी हे अंकगणित आत्मसात करावे आणि गावच्या योजनेचे अंदाजपत्रक हाती घेऊन पाइपच्या दराची फोड मागावी. जो भार जनता वाहते, त्याचा हिशेब जनतेपुढे उघडा झालाच पाहिजे.