गोळ्या मोफत, हवा मात्र नाही

माझ्या खालाला टीबी झाला तेव्हा नातेवाइकांनी तीन कारणे शोधली: नजर, परहेज न पाळणे आणि वस्तीतली घाण. तिच्या खोलीबद्दल कुणीच बोलले नाही. झोपडी पाडून मिळालेल्या इमारतीत ती दुसऱ्या मजल्यावर राहते. भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते. खिडकी उघडली की समोर दुसऱ्या इमारतीची भिंत आणि खाली साचलेला कचरा, म्हणून खिडकी कायम बंद. सहा महिने मोफत गोळ्या खाऊन खाला बरी झाली. वर्षभरात त्याच खोलीत तिच्या मुलाला टीबी झाला.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सर्व्हर रोज बंद पडतो आणि कुणी तो नुसता रीस्टार्ट करत बसतो, याला आम्ही दुरुस्ती म्हणत नाही. टीबीच्या बाबतीत सरकार आणि आपण मिळून नेमके तेच करतो आहोत.

'ही माणसेच अस्वच्छ' असे म्हणणाऱ्यांनी मुंबईच्या एम-पूर्व वॉर्डात यावे. 2018 मध्ये 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने तिथल्या तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास पुढे आणला. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये शंभरामागे 8 ते 10 जणांना टीबी झाल्याचे आढळले; पीएमजीपी कॉलनीत सुमारे एकाला. तिन्हीकडे गरीबच राहतात. मोठा फरक इमारतींच्या मांडणीत. नटवर पारेखमध्ये दोन इमारतींत जेमतेम 3 मीटर अंतर, खालच्या मजल्यांवर ना ऊन, ना वारा. टीबीचे जंतू हवेतून पसरतात आणि कोंडलेल्या खोलीत टिकून राहतात. मग रोगी कोण, माणूस की नकाशा?

हा नकाशा चुकून झालेला नाही. मुंबईच्या नियमांत झोपु योजनेसाठी हेक्टरी 'किमान' घरांची अट आहे. किती कोंबायची ते नियम सांगतो. एका घरात किती सूर्यप्रकाश यायला हवा, हे पाहण्याची घाई कुणालाच नसते.

दुसरी बाजू पोटाची. झारखंडमधल्या 'राशन्स' अभ्यासाचे निष्कर्ष 2023 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. रुग्णाच्या घरच्यांना दरमहा तांदूळ, डाळ असे धान्य दिले, तर त्यांच्यातले टीबीचे प्रमाण 39 टक्क्यांनी घटले. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला महिन्याला 500 रुपये मिळत. नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. वाढ चांगलीच. पण रोजंदारी बुडालेल्या घराचे हजार रुपयांत काय होते, ते गोवंडीतल्या कुठल्याही बाईला विचारा.

आता थोडे आपल्याबद्दल. रमजानमध्ये आपण राशन किट वाटतो, औषधांसाठी चंदा जमवतो, फोटो टाकतो. ते करूच. पण पुनर्विकासाची बैठक लागते तेव्हा आपले शिकलेले तरुण कुठे असतात? शहरात मुसलमान म्हणून भाड्याचे घर नाकारले जाते, हा अनुभव मलाही आहे. चांगल्या वस्तीचे दार बंद आणि मिळेल त्या वस्तीत खिडकी बंद, अशी ही दुहेरी कोंडी आहे. खैरातीने ती सुटणार नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत खोली किती चौरस फुटांची एवढेच विचारू नका. दोन इमारतींत अंतर किती, तळमजल्यावर ऊन किती तास, आजारपणात बुडालेली मजुरी कोण देणार, हेही विचारा. उत्तर लेखी मागा. मत मागायला येणाऱ्यालाही त्या दुसऱ्या मजल्यावर न्या, आणि ट्यूबलाइट बंद करा.