साक्ष आणि शेजार : मराठी ख्रिस्ती भक्तिसाहित्याच्या वाचनाचा प्रश्न

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासक्रमात ख्रिस्ती साहित्याला स्थान मिळाले आहे, असे सामान्यतः मानले जाते. फादर स्टीफन्स यांचे १६१६ मधील ‘क्रिस्तपुराण’ भाषेच्या इतिहासात येते, बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) कादंबरीच्या उगमाच्या चर्चेत येते, रेव्ह. ना. वा. टिळक फुलामुलांचे कवी म्हणून येतात आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ आत्मचरित्राचा आदर्श म्हणून येतात. या चारही नोंदी यथार्थ आहेत. परंतु या चारही ग्रंथकारांनी ज्या एका गोष्टीसाठी लेखणी धरली, ती श्रद्धा आणि ती इतरांपर्यंत पोहोचविण्याची ओढ, एवढीच नेमकी या नोंदींतून गळालेली आहे. ग्रंथ स्वीकारावा आणि त्याचा गाभा सौजन्याने बाजूला ठेवावा, अशी ही रीत आहे. ती वरकरणी उदार दिसली, तरी वाङ्मयीन दृष्ट्या अपुरी आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास गिरगावाइतका अनुरूप परिसर दुसरा क्वचितच सापडेल. फणसवाडीत दाक्षिणात्य धाटणीचे वेंकटेश मंदिर आहे; तेथून जवळच खोताच्या वाडीत ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची जुनी लाकडी घरे आणि क्रूस आहेत; १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाचे मंदिरही याच गिरगावात आहे. वाडी आणि चाळ या वसाहतींचे एक वैशिष्ट्य असे, की तेथे कोणाचीही उपासना सर्वस्वी खाजगी राहू शकत नाही. शेजारची आरती, शेजारचे भजन आणि शेजारची प्रार्थना कानांवर पडतेच. श्रद्धा दुसऱ्यास सांगणे म्हणजे काय, हा प्रश्न येथे तत्त्वचर्चेचा नसून नित्याच्या शेजाराचा आहे. एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाची तीन उत्तरे याच परिसरात किंवा त्याच्या लगत दिली गेली. वाद, सहवास आणि भक्ती अशी त्यांना नावे देता येतील.

पहिले उत्तर वादाचे. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये गिरगावातील अंब्रोली येथे शाळा काढली आणि शिक्षणाबरोबर धर्मचर्चेची परंपराही रुजविली. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात समुद्रकिनारी जाहीर वादविवाद झाले. अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी त्यांचा वृत्तांत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. मराठी गद्याला या वादांनी तर्काची धार दिली, प्रतिपक्षाचे म्हणणे मांडून मग खंडन करण्याची शिस्त लावली, हे ऋण मोठे आहे. तथापि वादाचा स्वभावच असा, की त्यात समोरचा माणूस श्रोता न राहता प्रतिपक्ष होतो. दोन्ही पक्ष आपापला विजय घेऊन परततात आणि श्रद्धा मात्र होती तेथेच राहते. त्या चर्चांतून देवाविषयीचे युक्तिवाद भरपूर मिळतात. देवाशी बोलणे मात्र फारसे मिळत नाही.

दुसरे उत्तर पंडिता रमाबाईंचे. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत चौपाटीनजीक ‘शारदा सदन’ सुरू केले. पुढे आनंदीबाई कर्वे या नावाने ओळखल्या गेलेल्या गोदूबाई तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, कोणाच्या आचारात हस्तक्षेप करावयाचा नाही, हे धोरण ठरलेले होते. संस्था १८९० मध्ये पुण्यास गेली आणि तेथे वाद पेटला. रमाबाई स्वतःची प्रार्थना आपल्या खोलीत करीत आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. काही मुली त्या प्रार्थनेस बसू लागल्या. १८९३ मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींनी संस्थेच्या सल्लागार मंडळाशी असलेला संबंध सोडला. या प्रसंगात कोणा एका बाजूस खलपुरुष ठरविणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. ज्यांनी आपल्या मुली विश्वासाने सोपविल्या, त्यांची चिंता खरी होती. आश्रयदात्या बाईची प्रार्थना आश्रितेला निव्वळ ऐच्छिक वाटेल, असे खात्रीने म्हणता येत नाही. उलट, आपल्या देवाशी बोलताना दार लावून घ्यावे, ही अट ज्या स्त्रीने सारे आयुष्य बंद दारे उघडण्यात घालविले, तिच्यावर घालणेही विपरीत होते. त्या उघड्या दाराचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. श्रद्धा जगण्यातून दिसू द्यावयाची, की दिसणे हाच प्रचार मानावयाचा?

तिसरे उत्तर टिळकांचे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मिशनची चाकरी करीत असतानाही त्यांच्या मनातील ओढ निराळी होती. तुकोबांच्या मार्गाने आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती आणि ती केवळ भावुक उक्ती नव्हती. ‘अभंगांजली’त त्यांनी अभंग हा छंद घेतला, तेव्हा त्याबरोबर भक्ताची शरणागती, देवाशी भांडण्याचा अधिकार, संतसंगाची तहान आणि मातृरूप देवाची कल्पनाही घेतली. १९१७ मध्ये वेतनी मिशनकार्य सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात एकत्र येता यावे, ही त्यामागील कल्पना होती. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्याने हा प्रयोग अपुरा राहिला. पण त्यातील वाङ्मयीन आशय स्पष्ट आहे. टिळकांच्या लेखी श्रद्धेचे निवेदन म्हणजे श्रोत्याला त्याच्या भाषेतून उठवून दुसरीकडे नेणे नव्हे. त्याच्याच भाषेत, त्याच्या शेजारी बसून गाणे होय.

या तिन्ही उत्तरांची कसोटी मात्र लक्ष्मीबाईंनी लावली आहे. पतीच्या धर्मांतरानंतर त्या काही वर्षे विभक्त राहिल्या आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. मधल्या काळात टिळकांसारख्या वक्त्याचे युक्तिवाद त्यांना बदलू शकले नाहीत, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने निर्माण केला, हा निष्कर्ष त्यांच्या मनात स्वतःच्या विचाराने उगवला. ‘स्मृतिचित्रे’मधील विनोद सर्वांना आठवतो, पण तो विनोद कोठून येतो, याची चर्चा क्वचितच होते. आपला सोवळेपणा, आपले भय आणि नवऱ्याचा विक्षिप्तपणा यांकडे हसून पाहू शकणारी ही दृष्टी कृतज्ञतेची आहे आणि त्या कृतज्ञतेचा उगम श्रद्धेत आहे. टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पुढे नेले. हे महाकाव्य आणि ते आत्मचरित्र एकाच हाताने लिहिले. एक वाचावयाचे आणि दुसरे केवळ नोंदवावयाचे, हा भेद लेखिकेने केलेला नाही.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. जे साहित्य दुसऱ्याची श्रद्धा बदलू पाहते ते प्रचारसाहित्य होय. त्याचे वाङ्मयीन मूल्यमापन कशासाठी? या आक्षेपाचा पूर्वार्ध क्षणभर मान्य केला, तर संतसाहित्याचा बराचसा भाग बाजूस ठेवावा लागेल. कीर्तनकाराला श्रोता बदलावयाचाच असतो. नामाचा महिमा सांगणारा अभंग तटस्थ नसतो. आवाहन हे भक्तिसाहित्याचे न्यून नसून त्याचे लक्षण आहे. आक्षेपाचा खरा भार अन्यत्र आहे. मिशनच्या शब्दामागे शाळा, दवाखाने, परदेशी निधी आणि राज्यकर्त्यांच्या धर्माची प्रतिष्ठा होती. १८९६ नंतरच्या दुष्काळांत मिशनच्या अनाथालयांनी मुलांना अन्न दिले आणि धर्मही दिला. ही विषमता झाकून ख्रिस्ती साहित्याचा गौरव करणे अप्रामाणिक ठरेल. परंतु नेमकी हीच विषमता टिळकांना सलत होती. वेतन सोडण्याची त्यांची कृती या दृष्टीने पाहता त्यांच्या काव्याचे भाष्यच ठरते. शब्दामागील सत्ता कमी झाल्याशिवाय शब्द ऐकू जात नाही, हे त्यांनी ओळखले होते.

स्वातंत्र्योत्तर काळात हा प्रश्न कायद्याच्या भाषेतही मांडला गेला. संविधानाच्या अनुच्छेद २५ ने धर्म मानण्याबरोबर त्याच्या प्रसाराचेही स्वातंत्र्य दिले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क अंतर्भूत नाही, असा निर्णय दिला. सीमारेषा आखणे हे न्यायालयाचे काम आहे. त्या रेषेच्या आत माणसे एकमेकांशी काय बोलतात, हे साहित्याचे क्षेत्र होय. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. ‘सुवार्ता’चे संपादन, वसईच्या हरित भूमीसाठी दिलेला लढा आणि ‘सुबोध बायबल’ ही तिन्ही कामे त्यांनी एकाच मराठीत केली. २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला. समर्थकांपैकी अनेकांनी, ते धर्मगुरू असले तरी साहित्यिक आहेत, असे उत्तर दिले. विरोध आणि समर्थन या दोहोंनी श्रद्धा आणि साहित्य यांची फारकत गृहीत धरली, ही या प्रसंगातील खेदाची बाब आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून निघणारे सूत्र अवघड नाही. ‘अभंगांजली’ ही आधुनिक कवितेच्या तासाला जितकी वाचावी, तितकीच तुकोबांच्या गाथेशेजारी वाचावी. ‘स्मृतिचित्रे’ शिकविताना लेखिकेचा विश्वास हा चरित्राचा तपशील म्हणून न सांगता तिच्या शैलीचे कारण म्हणून तपासावा. समुद्रकिनारीचे वाद आणि शारदा सदनाचा वाद हे प्रबोधनाच्या इतिहासापुरते न ठेवता, श्रोत्याशी कसे बोलावे, या वाङ्मयीन प्रश्नाची उदाहरणे म्हणून मांडावेत. विद्यार्थ्याने ती श्रद्धा स्वीकारावी, अशी अपेक्षा यात मुळीच नाही. वेंकटेशाच्या दारावरून जाणाऱ्या ख्रिस्ती माणसाला आणि क्रुसापुढून जाणाऱ्या हिंदू माणसाला शेजाऱ्याचा देव माहीत असतो. तो आपला नाही, हेही माहीत असते. आणि तरी तो शेजाऱ्यासाठी खरा आहे, याविषयी त्यांच्या मनात शंका नसते. मराठीच्या अभ्यासकाने आपल्याच भाषेतील या कवींना एवढे दिले, तरी पुष्कळ होईल.