नारायणगावाकडे दाखविलेलें बोट

जुन्नर-आंबेगाव भागांत एड्सची गोष्ट निघाली, कीं सभ्य गृहस्थांचें बोट प्रथम नारायणगावाकडे वळतें. तेथें पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या राहुट्या लागतात, गांवोगांवचे पुढारी यात्रेच्या सुपाऱ्या ठरविण्यास येतात; शिवाय पुणें-नाशिक रस्त्यावरचे ट्रकवाले आहेतच. (विठाबाई ज्या गांवाचें नांव लावून गाजल्या, त्याची एवढीच ओळख या गृहस्थांस असावी!) रोग त्या लोकांचा, असें म्हणून ते निश्चिंत होतात. आमचा वाद या निश्चिंतपणाशीं आहे.

पुण्यांतील गुप्तरोग-चिकित्सालयांत आलेल्या स्त्रियांच्या तपासणीचे निष्कर्ष १९९७ सालीं प्रसिद्ध झाले. वेश्याव्यवसायाशीं संबंध नसलेल्या ३९१ स्त्रियांपैकीं शेकडा १३.६ जणींच्या रक्तांत हा विषाणु आढळला. या स्त्रियांपैकीं बहुतेकींचा संबंध आयुष्यांत एकाच पुरुषाशीं आला होता. त्या कोणत्या राहुटींत गेल्या होत्या? रोग त्यांच्या घरीं आला तो उंबरा ओलांडून, कुंकवाच्या धन्याबरोबर.

हें बोलणाऱ्यांचें आपण काय केलें? र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकांतून कामजीवनाविषयीं उघड लिहीत. १९३४ च्या खटल्यांत डॉ. आंबेडकर त्यांचे वकील असूनहि त्यांस दंड झाला. २००७ सालीं महाराष्ट्र सरकारनें शाळांतील लैंगिक शिक्षणास मनाई केली. त्र्याहत्तर वर्षांत आमची लाज तेवढी सुरक्षित राहिली!

वास्तविक सांगावयाचें तें थोडें आहे. एका ताटांत जेवल्यानें वा डास चावल्यानें हा विषाणु जडत नाहीं. असुरक्षित संभोगांतून, दूषित रक्तांतून व सुईंतून, आणि आईपासून बाळास तो जडतो. निरोधानें त्यास अडवितां येतें. २००४ पासून सरकारी रुग्णालयांत औषधें मोफत मिळूं लागलीं. तीं नियमित घेऊन रक्तांतील विषाणु चांचणींत न दिसण्याइतका उतरला व तसाच राहिला, तर शरीरसंबंधांतून तो दुसऱ्यास जात नाहीं. गर्भारपणींच उपचार झाल्यास मूल बहुधा रोगमुक्त राहतें. ज्या घरांत हीं चार वाक्यें उच्चारतां येत नाहींत, तेथें पत्रिकेचे छत्तीस गुण मात्र तासन् तास जुळविले जातात.

विवाहापूर्वीं उभयतांनीं स्वखुषीनें चांचणी करावी. जबरदस्ती नको, २०१७ चा कायदाहि संमतीवांचून ती करूं देत नाहीं. विवाहानंतरहि नवऱ्यास "चांचणी करून या" असें म्हणण्याची सोय पत्नीस असावी. "मुलाकडचीं मंडळी रागावतील," असें वधूपिते म्हणतात. त्याच मंडळींचा राग नको म्हणून मानपानासाठीं शेत विकणाऱ्यांस, मुलीच्या जिवासाठीं तो एकदां पत्करणें एवढें जड कां जावें?