हुशार आहे, पण…

दहावीचा निकाल लागला की एक वाक्य घराघरांतून ऐकू येतं. "डोकं आहे हो त्याला, अभ्यासाला बसतच नाही!" हे सांगताना आईच्या आवाजात काळजी कमी आणि अभिमान जास्त असतो. चिरंजीव शेजारी उभे राहून ऐकतात आणि जन्माचा धडा घेतात. बसायचं नाही. बसलो आणि तरीही मार्क पडले नाहीत, तर डोक्याची अब्रू काय राहिली?

मला या वाक्याचा संताप येतो. मुलाचं नुकसान करणारं इतकं गोड वाक्य दुसरं नाही.

माणूस आधी आपटतो आणि मग सबब शोधतो, असं आपण धरून चालतो. हे नवशिक्यांचं झालं. मुरलेला सबबखोर सामना सुरू होण्याआधीच सबब शिजवून ठेवतो. परीक्षेच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत मॅच बघणं, मुलाखतीच्या सकाळी "अंगात कणकण आहे" असं चारचौघांत जाहीर करणं, अर्ज शेवटच्या तासाला भरणं, याला आळस म्हणू नका. हा विमा आहे. हप्ता स्वतःच्या यशातून कापला जातो, हे विमेदाराला चालतं.

एडवर्ड जोन्स आणि स्टीव्हन बर्ग्लास या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली या विमेदारांना रंगेहाथ पकडलं. त्यांनी काही विद्यार्थ्यांना उत्तरच नसलेले प्रश्न घातले. बिचाऱ्यांनी अंदाजपंचे उत्तरं ठोकली, आणि त्यांना सांगण्यात आलं की तुम्ही उत्तम गुण मिळवलेत. मग दुसऱ्या परीक्षेआधी दोन औषधं समोर ठेवली. एकाने म्हणे बुद्धी तल्लख होते, दुसऱ्याने मंदावते. हवं ते निवडा. आता तुम्हीच सांगा, शहाणा माणूस काय निवडेल? या फुकटच्या शाबासकीवाल्यांतल्या पुरुषांचा ओढा बुद्धी मंदावणाऱ्या औषधाकडे होता! कौतुक झालं होतं, पण ते कशामुळे झालं हे ठाऊक नव्हतं; म्हणजे पुन्हा जमेल याची खात्री नव्हती. मग मठ्ठ ठरण्यापेक्षा मठ्ठपणाचं औषध घेतलेलं बरं.

बुद्धिबळात हा उद्योग फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच खेळाडू देशापेल हा आपल्या काळातला अव्वल बुद्धिबळपटू. पुढेपुढे त्याने हट्ट धरला की प्रतिस्पर्ध्याला एक प्यादं आणि पहिली खेळी बहाल केल्याशिवाय आपण पटावर बसणारच नाही. जिंकला तर दुप्पट वाहवा, हरला तर "प्यादं कमी होतं ना!" बरोबरीच्या डावात जो खरा निकाल लागतो, त्याला महाशयांनी दाराबाहेर ठेवलं. याला औदार्य म्हणणारे लोकही असतात. मी भेकडपणा म्हणतो.

त्या १९७८च्या प्रयोगात बायकांमध्ये ही खोड तितकी ठळक दिसली नव्हती. त्याची कारणमीमांसा विद्वानांनी करावी. मी आपल्याकडच्या दिवाणखान्यातलं सांगतो. भावाला साठ टक्के पडले की तो "हुशार, पण आळशी". बहिणीला नव्वद पडले की ती "मेहनती हो, घोकते बिचारी". ऐकलंत? तिने मिळवलेलं यश तिच्या बुद्धीच्या खात्यावर जमा होत नाही, आणि त्याचं अपयश त्याच्या बुद्धीच्या खात्यातून वजा होत नाही. एकाच घरात, एकाच जेवणाच्या टेबलावर दोन हिशेब. खर्चाला कात्री लावायची वेळ आली की क्लासची फी बहुतेक तिचीच वाचवली जाते. हे मला अक्षम्य वाटतं. कष्ट म्हणजे बुद्धी कमी असल्याचा पुरावा, असं ज्या घरात शिकवलं जातं, तिथला मुलगा कष्ट कशाला करील?

तो मोठा होतो. पन्नाशीत, कट्ट्यावर, हातात कटिंग घेऊन तो सांगतो, "मराठी माणसाला धंदा जमत नाही, कारण त्याला लांड्यालबाड्या जमत नाहीत." केवढी ही पराकाष्ठा! अपयश आधी झाकलं आणि मग त्याच्यावर सद्गुणाची शालही पांघरली. दुकान कधी उघडलंच नाही, उधारी कधी वसूल केली नाही, आणि प्रमाणपत्र मात्र प्रामाणिकपणाचं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली. पुढे लोखंडी नांगर बनवला तर तो खपेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. याहून पक्की सबब कुणाला मिळाली असेल? गिऱ्हाईकच अडाणी, आम्ही काय करणार, असं म्हणून ते सायकलींकडे परत जाऊ शकत होते आणि कुणी त्यांना नावं ठेवली नसती. ते नांगर सुधारत आणि विकायचा प्रयत्न करत राहिले. १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

कट्ट्यावरच्या गृहस्थांनो, धंदा करू नका, हरकत नाही. नोकरीत काही कमीपणा नाही. पण ज्याने शटर उघडलं, घाम गाळला, दोनदा बुडाला आणि तिसऱ्यांदा उभा राहिला, त्याला तुमची अब्रू राखण्यासाठी लबाड ठरवण्याचा परवाना तुम्हाला दिला कुणी?