फीत नंतर कापा, आधी चाचणीचा अहवाल दाखवा!

कोंढा, ता. पवनी, जि. भंडारा

सरकारी रुग्णालयात एमआरआय यंत्र आले की मंत्री येतात, फीत कापली जाते, किती कोटींचे यंत्र ते भाषणात सांगितले जाते. आमचा प्रश्न साधा आहे. पहिला रुग्ण आत नेण्यापूर्वी त्या यंत्राची आणि त्या खोलीची चाचणी कोणी केली? तिचा अहवाल कुठे आहे?

हे विचारण्याचा अधिकार आम्हा भंडारा जिल्ह्यातल्या लोकांना फार मोठी किंमत मोजून मिळाला आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळे गेली. राज्यभरातल्या रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश निघाले ते त्यानंतर. आधी मरण, मग तपासणी, हीच आपली रीत!

एमआरआयच्या बाबतीतही तेच. २७ जानेवारी २०१८ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात रुग्णासोबत आलेला ३२ वर्षांचा नातेवाईक ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. चुंबकाने त्याला सिलिंडरसकट ओढून घेतले. यंत्र बंद आहे असे आपल्याला सांगितले होते, असे घरच्यांचे म्हणणे. पण हा चुंबक रात्रंदिवस चालूच असतो. १.५ टेस्लाचे यंत्र म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट ताकद.

काही शहाणे म्हणतात, एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नाही, मग भीती कसली? हीच तर मेख आहे. किरणोत्सर्ग आहे म्हणून एक्स-रे आणि सीटी स्कॅनवर अणुऊर्जा नियामक मंडळाची नजर असते. एमआरआय त्या मंडळाच्या कक्षेत येत नाही. २०२१ पासून त्याची आयात-विक्री वैद्यकीय उपकरणांच्या नियमांखाली आली, पण खोलीत बसवलेल्या यंत्राचे काय?

दुसरे म्हणतात, कंपनीचा इंजिनिअर तपासून गेला आहे. म्हणजे विकणाऱ्यानेच मालाला पास करायचे! शिवाय कारखान्यात ठीक असलेले यंत्र या खोलीत ठीक असेलच असे नाही. भिंतीतले लोखंड आणि शेजारची लिफ्ट चुंबकीय क्षेत्र बिघडवतात. प्रतिमा विकृत आली तर निदान चुकते, आणि मजुरी बुडवून आलेल्या माणसाला दुसऱ्यांदा तपासणी परवडत नाही. चुंबक थंड ठेवणारे द्रवरूप हेलियम उसळले तर एका लिटरचा सुमारे ७५० लिटर वायू होतो. तो बाहेर नेणारी नळी तुंबलेली असेल तर खोलीतला प्राणवायू हटतो आणि आतला माणूस गुदमरतो. हे सारे जागेवरच तपासावे लागते.

आणि प्रशिक्षण कोणाला? डॉक्टरला, तंत्रज्ञाला. स्ट्रेचर ढकलणारा वॉर्डबॉय, फरशी पुसणारी बाई यांना कोणी काही सांगत नाही. घात झाला की पहिला बळी मात्र त्यांचाच. नायरमध्ये डॉक्टरसोबत वॉर्डबॉयलाही अटक झाली. भंडाऱ्यात कंत्राटी परिचारिकांना घरी पाठवले. यंत्र घेणारे, बिल मंजूर करणारे कुठे होते?

पैसेवाला खाजगीत जातो. सरकारी दवाखान्याच्या रांगेत आमचा माणूस असतो: दलित, आदिवासी, शेतमजूर. त्याचा जीव स्वस्त आहे का? बाबासाहेबांनी घडवलेल्या संविधानाचे कलम २१ जगण्याचा हक्क देताना सरकारी आणि खाजगी असा भेद करत नाही.

म्हणून आमच्या मागण्या:

१. कंपनीशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाकडून चाचणी झाल्याशिवाय यंत्र सुरू करू नये आणि अंतिम बिल देऊ नये.

२. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे तो अहवाल कोणी न मागता, मराठीत, रुग्णालयाच्या दारावर लावावा. दरवर्षी पुन्हा चाचणी करावी.

३. कंत्राटी सफाई कामगारासह प्रत्येकाला प्रशिक्षण द्यावे. दारावर लोखंड ओळखणारे उपकरण आणि चोवीस तास माणूस असावा.

यंत्राला आमचा विरोध नाही. उलट कोंढ्याच्या रुग्णाला एमआरआयसाठी नागपूर गाठावे लागू नये, हीच आमची इच्छा आहे. पण यंत्र द्या म्हणताना आम्ही ते तपासूनही मागणार. पुढच्या उद्घाटनाला हार घेऊन जाऊ नका, माहिती अधिकाराचा अर्ज घेऊन जा.

जय भीम!