रिव्ह्यू आपला, चाळणी त्यांची!

१९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला. आज आपल्याला सांगतात, ते दिवस गेले. आता हातात मोबाईल आहे. हॉटेलात, लॉजवर जातीवरून अपमान झाला तर रिव्ह्यू लिहा, एक स्टार द्या, मालक आपोआप सरळ येईल.

मित्रांनो, लिहायची मुभा सगळ्यांना आहे. पण छापायचं काय, हे कोण ठरवतं?

आधी ही चाळणी समजून घ्या. अमेरिकेतली येल्प ही साइट २००४ पासून चालते. तिथे कोणता रिव्ह्यू पुढे दाखवायचा हे सॉफ्टवेअर ठरवतं. नापास झालेला रिव्ह्यू पानाच्या तळाशी वेगळा ठेवला जातो आणि त्याचे स्टार सरासरीत धरले जात नाहीत. नेमके निकष कंपनी उघड करत नाही. गुगल मॅप्सच्या नियमांत तर सर्वसाधारण सामाजिक आणि राजकीय भाष्य 'विषयाबाहेरचं' ठरतं.

ही चाळणी पैशासाठी वाकवता येते, याचाही दाखला आहे. फॅशन नोव्हा ही कपडे विकणारी अमेरिकन कंपनी आपल्या वेबसाइटवर चार आणि पाच स्टारचे रिव्ह्यू आपोआप छापत होती. त्याखालचे लाखो रिव्ह्यू तिने २०१९ पर्यंत अडवून ठेवले. २०२२ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्याकडून ४२ लाख डॉलर वसूल करायचं ठरवलं, तेव्हा हे जगासमोर आलं.

सभ्यतेच्या नावाने काय होतं तेही बघा. मेक्सिकोतल्या एका रिसॉर्टमध्ये आपल्यावर बलात्कार झाला, असं एका महिलेने २०१० मध्ये ट्रिपॲडव्हायझरवर लिहिलं. भाषा कुटुंबाने वाचण्याजोगी नाही म्हणून ते काढून टाकलं गेलं. २०१७ मध्ये वर्तमानपत्राने प्रकरण बाहेर काढलं, तेव्हा कंपनीने माफी मागितली. सात वर्षं दुसऱ्या प्रवाशांना धोक्याची सूचना मिळाली नाही. सभ्यता जपली ती कोणाची?

आता हीच चाळणी आपल्या तक्रारीला लावा. आडनाव विचारून खोली नाकारली, असं आपण लिहिलं तर तो ग्राहकाचा अनुभव की 'सामाजिक भाष्य'? जातिवाचक शिवी मिळाली, हे सांगायला ती शिवी लिहावी लागते. सॉफ्टवेअरला शिवी देणारा आणि शिवी खाणारा यातला फरक कळेलच, याची हमी काय? वर मालकाला आपला रिव्ह्यू 'रिपोर्ट' करायचं बटण दिलेलं आहेच. भाजीत मीठ जास्त हा अनुभव ठरतो आणि माणूस म्हणून नाकारणं हा वाद ठरतो!

कोणी म्हणेल, खोट्या रिव्ह्यूंचा धंदा जोरात आहे, चाळणी हवीच. मान्य. आमचा वाद चाळणीशी नाही. चाळणी कोणाच्या हातात आहे, तिची भोकं केवढी आहेत आणि नापास केल्याचं कारण लेखी का मिळत नाही, एवढंच आम्ही विचारतो. कारण न देता नाकारण्याची पद्धत या देशाला नवी नाही.

आणि करायचं ठरवलं तर करता येतं. जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर काळ्यांच्या चळवळीने अमेरिका हलवली. त्याच वर्षी, २०२० च्या ऑक्टोबरमध्ये, वंशवादी वागणुकीचा आरोप असलेल्या व्यवसायाच्या पानावर तसा इशारा आणि बातमीची लिंक लावायचं येल्पने जाहीर केलं. मग जातीचा इशारा भारतात का नको? आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हा मानक आणला, पण ऐच्छिक म्हणून. ज्याला पाळायचा तो पाळेल! तो सक्तीचा करा, नाकारलेल्या प्रत्येक रिव्ह्यूचं लेखी कारण द्या आणि जातिभेदाच्या तक्रारीला स्वतंत्र रकाना द्या, ही आपली मागणी असली पाहिजे.

तोवर काय करायचं? रिव्ह्यू जरूर लिहा. तारीख, वेळ, कोण काय बोललं, सगळं लिहा. टाकण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, बिल जपून ठेवा. जे तिथे गेलेच नाहीत अशा दोनशे जणांनी एक-एक स्टार देऊ नये. अशी लाट दिसली की सॉफ्टवेअर सावध होतं आणि त्यात खरा रिव्ह्यूही वाहून जातो. मुख्य म्हणजे रिव्ह्यूवर थांबू नका. दुकान, उपाहारगृह, हॉटेल यांतला प्रवेश ही मालकाची मेहेरबानी नाही. संविधानाच्या कलम १५(२) ने तो आपला हक्क आहे. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ आणि ॲट्रॉसिटी कायदा त्यासाठीच आहेत.

स्टार देऊन हक्क मिळत नसतात. 'केसरी'ने जाहिरात नाकारली म्हणून 'मूकनायक' थांबला नाही. त्यांनी रिव्ह्यू गाळला म्हणून आपण गप्प बसायचं का?

जय भीम!