आधी दस्ता, मग रायफल



यंदा गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत एका वहिनींनी मला गाठले. त्यांची लेक शाळेत एअर रायफल चालवते. आता तिला पन्नास मीटरची पॉइंट टू-टू शिकायची आहे. "भाऊजी, कोणती घेऊ? अ‍ॅन्शुट्झ, वॉल्थर की फाइनवेर्कबाऊ?" कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवल्यापासून हा प्रश्न मला वारंवार येतो. त्याच्या वडिलांनी गोळ्यांसाठी कर्ज काढल्याची हकिगत सर्वांनी वाचली आहे, आणि आपण कर्ज न काढताच लगेच चांगली रायफल घेऊन देऊ शकतो, असे आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटते.

माझे मत थोडे वेगळे आहे. कंपनीचे नाव सर्वांत शेवटी विचारावे. आधी दस्ता पाहावा, आणि तोही मूल उभे असताना.

थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर बसून आणि पालथे झोपून मारताना हाताला पट्ट्याचा आधार घेता येतो. उभ्याने मारताना पट्टा चालत नाही. पन्नास मीटरवरचे दहाचे वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे असते. कुसाळे अंतिम फेरीत गुडघ्यावरच्या गोळ्यांनंतर सहावा होता, झोपून मारल्यावर पाचवा झाला आणि तिसरा आला तो उभ्याने मारून. वर सांगितलेल्या तिन्ही कंपन्यांची नळी आपल्या मुलांपेक्षा कितीतरी नेमकी असते. हलते ते मूल, आणि दस्ता अंगाला बसत नसेल तर ते जास्तच हलते.

हे मी स्वतः पैसे मोजून शिकलो. लेक पंधरा वर्षांची असताना, मायदेशी परत निघालेल्या एका गृहस्थांकडून मी परवान्याचे सगळे सोपस्कार करून एक देखणी, लाकडी दस्त्याची रायफल घेतली. दस्ता पूर्ण आखूड केला तरी तिला तीन सेंटिमीटर लांबच पडत होता. रायफल पुढे झुकायची, ती सावरायला पोरगी कंबर मागे वाकवायची आणि मान पुढे ताणायची. गुण घसरले, म्हणून मी सराव वाढवला! चार महिन्यांनी पाठदुखीसाठी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तुम्ही एवढे पैसे घातलेत, म्हणून मी बोलले नाही." पैसे गेल्याचे मला काही वाटले नाही, पण हे वाक्य अजून टोचते.

म्हणून वहिनींना सांगितले ते सर्वांनाच सांगतो. मुलीला डोळे मिटून, मान सरळ ठेवून रायफल खांद्याला लावायला सांगा. डोळे उघडल्यावर मागच्या साइटमधून पुढची साइट आपोआप समोर यायला हवी. डोके खाली न्यावे लागत असेल तर गाल टेकवायची पट्टी वर घ्या. दस्ता चेहऱ्याकडे आणायचा असतो, चेहरा दस्त्याकडे न्यायचा नसतो. डावे कोपर कमरेच्या हाडावर किंवा बरगडीवर विसावले पाहिजे. ते टेकवल्यावर हात रायफलीपर्यंत पोहोचत नसेल तर खाली पाम-रेस्ट लावून उंची भरून काढता येते. वाढत्या वयाच्या मुलांसाठी दस्ता किती लांब होतो यापेक्षा किती आखूड होतो हे विचारा. अ‍ॅल्युमिनियमच्या दस्त्याचा फायदा एवढाच, की त्याचा प्रत्येक भाग सरकतो. दिसायला मात्र तो सांगाडाच, हे कबूल! आणि मुलीचा कोणता डोळा प्रबळ आहे ते आधी तपासा. डावा असेल तर डावखुऱ्यांचा दस्ता लागेल.

इथे आणखी एक अडचण आहे. सिंगापूरमध्ये रायफल घरी आणता येत नाही, ती शस्त्रागारातच राहते. रात्री जेवण झाल्यावर दिवाणखान्यात स्क्रू सैल करून पाहू, असे चालत नाही. जे काही जुळवायचे ते रेंजवरच्या तासा-दोन तासांत. त्यामुळे प्रत्येक माप वहीत लिहून ठेवावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर गुण कशामुळे वाढले हे कळत नाही.

पहिले वर्षभर क्लबचीच रायफल वापरावी. वाचलेल्या पैशांतून अंगाला बसणारे शूटिंग जॅकेट घ्यावे आणि गोळ्या घ्याव्यात. एकाच कंपनीच्या दोन लॉटच्या गोळ्याही एकाच नळीतून सारख्या जात नाहीत. चांगला लॉट सापडला तर रायफलीत नवा जीव आल्यासारखे वाटते.

"मग इथे राहून काही होईल का हो?" असे वहिनींनी शेवटी विचारलेच. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत झोपून मारायच्या प्रकारात सुवर्ण मिळवले ते सिंगापूरच्या मार्टिना वेलोसोने, आणि रौप्य आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने. पुढे थ्री पोझिशनमध्ये तेजस्विनीने सुवर्ण घेतले. त्याच थ्री पोझिशनमध्ये २०१४ साली ग्लासगोला सिंगापूरच्या जॅस्मिन सेरने सुवर्ण मिळवले होते. तेव्हा जागेचे कारण नको.

आमची ती देखणी रायफल उंच खांद्याच्या एका मुलाकडे गेली. लेक सध्या क्लबच्या जुन्या रायफलीवर खूष आहे. वहिनी पुढच्या आठवड्यात मुलीला घेऊन रेंजवर येणार आहेत. आणखी कुणाला यायचे असल्यास सोबत वही आणि शिवणकामाची टेप आणावी. चेकबुक घरीच ठेवावे.

— एक पालक